लाल गेलं म्हणजे फोन झाला

मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. जागा, रुग्णालयाच्या तळघरातली रक्ततपासणीची लॅब. हजर माणसं दोन.

लॅबला खिडकी नव्हती. दुपार आहे की संध्याकाळ, हे तिथं घड्याळात बघूनच ठरवायचं. छताला ट्यूबलाइटच्या चार जोड्या, त्यातली एक सतत लुकलुकणारी. डाव्या भिंतीला तपासणीची दोन मोठी यंत्रं, मध्ये रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज, कोपऱ्यात घरघरणारा फ्रीज. स्पिरिटचा वास, तापलेल्या प्लास्टिकचा वास, आणि त्या दोन्हींच्या तळाशी तिसरा एक वास, गोडसर, गंजक्या लोखंडासारखा. तिथं काम करणाऱ्यांना तो येत नाही. नव्या माणसाला येतो.

नवा माणूस म्हणजे रंगारी. तो भिंती रंगवणारा नव्हता. संगणकाच्या पडद्यावर कुठली माहिती कुठं आणि कशी दिसावी, हे ठरवायचं त्याचं काम. पण पहिल्याच दिवशी तो रंगांचे नमुने घेऊन आला आणि लॅबमधल्या इन्चार्ज बाईंनी त्याचं बारसं करून टाकलं.

"या रंगारी. आमच्या फळ्याला पावडर-लिपस्टिक लावायला आलात का?"

फळा म्हणजे यंत्रांच्या वर टांगलेला मोठा पडदा. कार्यालयातले लोक त्याला डॅशबोर्ड म्हणत. प्रत्येक रुग्णाच्या नमुन्याची त्यावर एक ओळ. तपासणी चालू असेल तर ओळ पांढरी, झाली की हिरवी. आणि निकाल जिवावर बेतणारा असेल तर लाल. ओळ लाल झाली की हातातलं काम टाकून वॉर्डला फोन करायचा, आकडा सांगायचा. तिकडच्या सिस्टरनं तो वहीत लिहून परत वाचून दाखवायचा. मग सांगणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, ऐकणारीनं आपलं. तिचं नाव फळ्यावरच्या चौकोनात टाइप केलं की लाल ओळ जायची. साधी, जुनी, शहाणी पद्धत होती.

"लिपस्टिक नाही हो बाई," रंगारी म्हणाला होता. "उलट कमी करायचंय. साहेबांचं म्हणणं, फळा फार लाल दिसतो. पाहुणे आले की बरं दिसत नाही."

"लाल दिसतो कारण वर माणसं मरायला टेकलेली असतात. साहेबांना म्हणावं, आधी ती बरी करा, मग फळा आपोआप हिरवा होईल."

तर त्या मंगळवारी रंगारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लॅपटॉपवर नवा फळा चालवून बघत होता. त्यात खरा रुग्ण एकही नव्हता. वीस खोटे रुग्ण त्यानं स्वतः भरले होते, आणि कंटाळा येऊ नये म्हणून त्यांना भाज्यांची नावं दिली होती. श्री. भोपळा, सौ. काकडी, कु. गवार. भोपळ्याची साखर वाढलेली, काकडीचं रक्त कमी. नव्या फळ्यात त्यानं एक रकाना वाढवला होता. निकाल येऊन किती वेळ झाला, हे मोजणारा.

दोन वाजून दहा मिनिटांनी भाज्यांच्या खाली एकविसावी ओळ उगवली. लाल.

महिला वॉर्ड. खाट १९. पोटॅशियम ७.४. प्रतीक्षा ४१ दिवस ० तास ० मिनिटं.

रंगारी हसला. "बाई, ही चेष्टा तुमची का? एकोणीस नंबर?"

बाई नळ्यांना लेबलं लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "कुठलं एकोणीस?"

त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. बाईंनी एकदाच पाहिलं. मग विचारलं, "हे आमच्या यंत्राला जोडलंय का?"

"छे. वायर नाही, वायफाय बंद. यात फक्त मी घातलेलं असतं."

"मग पुसा ते."

त्यानं पुसलं. बाई फ्रीजपाशी गेल्या, दार उघडलं आणि आतून काहीच न काढता तशाच उभ्या राहिल्या. फ्रीजची घरघर वाढली. रंगारीनं मान खाली घातली तर ओळ परत आली होती. प्रतीक्षेच्या रकान्यात मिनिटाचा आकडा तेवढा बदलला होता, शून्याचा दोन.

त्यानं लॅपटॉप मिटला.

*

बुधवारी, पुन्हा दोन वाजून दहा मिनिटांनी, तीच ओळ. प्रतीक्षा ४२ दिवस. रात्रभर बसून त्यानं सगळं नव्यानं भरलं होतं, भोपळ्यापासून. तरी.

या वेळी बाईंनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसल्या. आवाज खाली आणला, जसा वॉर्डात आणतात.

"आज बरोब्बर सहा आठवडे झाले. बुधवारच होता. एकोणतीस वर्षांची बाई होती, मूत्रपिंडाचा आजार. पोटॅशियम सात पूर्णांक चार. एवढं वाढलं की हृदय कधीही बंद पडतं. वेळेत कळलं तर औषध आहे, माणूस वाचतो. दोन दहाला फळ्यावर लाल आलं. वॉर्डला फोन गेलाच नाही. पावणेपाचला ती गेली."

"का नाही गेला?"

"काका होते त्या यंत्रावर." काका म्हणजे लॅबमधले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, एकतीस वर्षांची नोकरी. सध्या निलंबित होते, एवढं रंगारीला माहीत होतं. "यंत्राची सुई अडकली, आत नळी फुटली. दोन्ही हातमोजे रक्तानं भरलेले. तशा हातानं फोन उचलत नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी लाल पाहिलं. मनाशी म्हणाले, हे पुसतो आणि फोन करतो. मी शीतखोलीत होते. बाहेर येऊन इथं, फोनपाशी बसले. काका हात धुऊन वळले, फळ्याकडं बघितलं. लाल नाही."

"मग?"

"मग काय मग? आम्ही दिवसभर फळा वाचत नाही हो, आमचे हात यंत्रात असतात. कोपऱ्यातून रंग दिसतो, तेवढ्यावर काम चालतं. वर्षानुवर्षांचा नियम आहे आमचा. लाल गेलं म्हणजे फोन झाला. काकांना वाटलं मी केला. मला तर लाल दिसलंच नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला. "फोन न होता लाल जातं कसं, ते आजवर कोणाला कळलं नाही. चौकशीवाले म्हणतात, जातच नाही. काका खोटं बोलतात. परवा, शुक्रवारी सुनावणी आहे. चाळीस पानी अहवाल तयार आहे, त्यात काय लिहिलंय माहितीये? मानवी चूक. एकतीस वर्षं दोन शब्दांत."

रंगारीनं लॅपटॉपकडं पाहिलं.

दोन वाजून एकोणीस मिनिटं. खोट्या रुग्णांपैकी तीन लाल होते, भोपळा, काकडी आणि एक पडवळ. एकोणीस नंबरबरोबरच दोन दहाला त्यानं ते चालू केले होते. तो बघत राहिला. घड्याळात दोन वीस झाले. भोपळा गेला. काकडी गेली. पडवळ गेलं. एक आवाज नाही, खूण नाही. पडदा कसा शांत, सुंदर, फिकट निळा.

फक्त खाट १९ राहिली.

दहा मिनिटांनी लाल आपोआप जावं, हे त्याचंच काम होतं. नव्या फळ्यात त्यानं ते जुन्या फळ्यातून जसंच्या तसं उचललं होतं. आणि जुन्या फळ्यात ते घातलं होतं तेही त्यानंच, साडेतीन महिन्यांपूर्वी, घरी बसून, अर्ध्या तासात. व्यवस्थापक साहेबांचा फोन आला होता: तपासणी समितीचे पाहुणे येताहेत, लाल जरा आवरा, दहा मिनिटांत जाऊ दे. त्यानं आवरलं. लॅबला विचारलं नाही. बदलांची यादी कार्यालयाला पाठवली, त्यात चौदाव्या पानावर एक ओळ टाकली. कार्यालयानं ती यादी लॅबला दाखवलीच नाही. इथं फोन नेहमी तीन-चार मिनिटांत होत असे, म्हणून दहा मिनिटं कोणाला कधी दिसलीच नाहीत. त्या बुधवारी ती पहिल्यांदा पूर्ण भरली, आणि तेव्हाही कोणाला दिसली नाहीत.

"काय झालं? चेहरा का उतरला?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," रंगारी म्हणाला. "इथं जरा... वास येतो."

*

साहेबांची खोली चौथ्या मजल्यावर, भरपूर उजेडाची. टेबलावर कागद नावाला नाही.

"दहा मिनिटांत लाल जावं, असं तुम्ही म्हणाला होतात," रंगारीनं सरळ विषयाला हात घातला.

"मी? कुठं म्हणालो?"

"फोनवर."

"फोनवर माणूस हजार गोष्टी बोलतो हो. लेखी काही आहे का?" साहेब हसले. वाईट माणसं हसतात तसं नव्हे, चांगल्या सवयीनं. "लेखी तुमचं आहे. चौदावं पान. आम्ही तंत्रातले नाही, आम्हाला काय कळतं? तुम्ही केलंत, तुमच्या सहीनं."

साहेबांनी पाण्याचा ग्लास त्याच्याकडं सरकवला.

"तुम्हाला घाबरवत नाही मी. काकांना तसंही दोन वर्षांत निवृत्तच व्हायचं होतं. शुक्रवारी तुम्हाला एकच प्रश्न विचारतील. सिस्टिममध्ये दोष होता का? तुम्ही म्हणायचं, सिस्टिम ठरल्याप्रमाणे चालत होती. यात खोटं काय आहे? सोमवारी नवा फळा सुरू, जुना त्याच्या सगळ्या नोंदींसकट बंद. आणि आपल्या संस्थेची अजून बारा रुग्णालयं आहेत. बाराही ठिकाणी जुनेच फळे, नवे तुम्हीच करायचे."

असं बोलणं झालं की माणसाला वाटतं आपल्याला धमकी दिली, आणि आठवायला गेलं तर धमकीचा एक शब्द सापडत नाही. ही कला शिकवणारी शाळा कुठं असते कोण जाणे, पण तिथून पास झालेले चौथ्या मजल्यावर बसतात.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ओळीचं सोडून. तिनं शांतपणे ऐकलं.

"मग तू शुक्रवारी सांगणार आहेस ना?"

"सांगितलं तर मीच अडकतो गं. त्या गेलेल्या बाईच्या घरचे माझ्या दारात येतील."

"येऊ देत की. कोणाच्या तरी दारात यायला हवेतच ते. त्या काकांच्या दारात कशाला?"

"तू शाळेत शिकवतेस, तुला बोलायला काय जातं..."

"मला काय जायचंय?" ती ताट उचलत म्हणाली. "रात्री झोप तुझी जाते, माझी नाही."

*

गुरुवारी दुपारी काका लॅबमध्ये आले. कपाटाची किल्ली आणि पांढरा कोट परत करायला. बाई नेमक्या वर गेल्या होत्या. काका बुटके, नीटनेटके, शर्टाचं वरचं बटनसुद्धा लावलेलं. कोटाला इस्त्री केलेली होती. जाणाऱ्या नोकरीचा कोट इस्त्री करून परत करणारा माणूस रंगारीनं पहिल्यांदा पाहिला.

"तुम्ही फळा करणारे ना?" काका म्हणाले. "बरं झालं भेटलात. बसा, बसा, उठू नका. मला एकच विचारायचं होतं. नोकरीचं जाऊ द्या. मला रात्री एकच दिसतं. मी हात पुसून वळतो, आणि लाल नसतं." त्यांनी खरोखरच वळून फळ्याकडं पाहिलं. "माझे डोळे गेलेत का हो? घरी सून म्हणते, मामंजी, तुम्हाला भास झाला असेल. मुलगा म्हणतो, बाबा, चूक झाली म्हणा आणि माफी मागा. मी म्हटलं मागतो, पण आधी मला कळू दे. लाल होतं, हे मी पाहिलं. मग गेलं कसं? फोन न करता जातं का कधी?"

सेंट्रिफ्यूज थांबत आलं होतं. त्याचा आवाज खाली खाली जात मिटला. रंगारीच्या जिभेवर 'हो' होतं. एवढंसं अक्षर.

"मला... बघावं लागेल," तो म्हणाला.

"बघा. बघा हं." काकांनी किल्ली टेबलावर ठेवली, कोटाची घडी सरळ केली. "उद्या अकरा वाजता आहे माझं. त्याआधी कळलं तर बरं. त्या पोरीचा भाऊ रोज माझ्या घरासमोर येऊन उभा राहतो. काही बोलत नाही. मला त्याला काहीतरी सांगता आलं पाहिजे ना."

ते गेले. दार मिटलं. रंगारी एकटा उरला, आणि घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली.

त्यानं लॅपटॉप उघडलाच नव्हता. तो पिशवीत होता, पिशवी बंद होती. ओळ भिंतीवरच्या फळ्यावर आली. खऱ्या फळ्यावर, खऱ्या रुग्णांच्या वर, सगळ्यांत पहिली. पोटॅशियम ७.४. प्रतीक्षा ४३ दिवस. जुन्या फळ्यात प्रतीक्षेचा रकाना नव्हताच. तो रंगारीच्या नव्या फळ्यात होता.

ट्यूबलाइटची ती लुकलुकणारी जोडी आता स्थिर झाली होती. फ्रीज बंद पडल्यासारखा गप्प. तो तिसरा वास मात्र वाढला, इतका की घशात उतरला.

ही ओळ पुसून जाणार नाही, हे त्याला कळलं. ती एकाच गोष्टीनं जाते.

भिंतीवर वॉर्डांच्या फोन नंबरांचा पिवळा पडलेला तक्ता होता. महिला वॉर्ड, २१९. त्यानं रिसीव्हर उचलला. तीन वेळा घंटी वाजली. उचलला.

"महिला वॉर्ड."

बाईचा आवाज. दमलेला, साधा. मागं छताच्या पंख्याची करकर, कुठंतरी ढकलगाडीचं चाक.

"लॅबमधून बोलतोय," रंगारी म्हणाला. "एकोणीस नंबर... खाट एकोणीस. पोटॅशियम सात पूर्णांक चार."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. सावकाश.

"खाट एकोणीस. पोटॅशियम. सात... पूर्णांक... चार. बरोबर?"

"बरोबर."

"निकाल कधी आला?"

"दोन... दोन वाजून दहा मिनिटांनी."

पेन पुन्हा चाललं. मग आवाज जरा जवळ आला, जणू तिनं रिसीव्हर ओठांना लावला.

"सांगणाऱ्याचं नाव?"

रंगारीनं फळ्याकडं पाहिलं, लाल तशीच होती.

"नाव लिहावं लागतं... नावाशिवाय नोंद होत नाही."

त्याची नजर फोनच्या खटक्याकडं गेली.

"मी थांबते."

त्यानं फोन आपटला. दोन पावलं मागं सरला, टेबलाला धडकला, काकांची किल्ली खाली पडली. दार उघडून बाई आत आल्या.

"काय हो? कोणाला फोन लावत होतात?"

"महिला वॉर्डला. दोनशे एकोणीस."

बाईंनी त्याच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "महिला वॉर्ड तीन आठवडे झाले तिसऱ्या मजल्यावर गेलाय. दुसऱ्यावर रंगकाम चालू आहे. दोनशे एकोणीस तोडलाय."

त्यानं फळ्याकडं बोट केलं. फळ्यावर हिरव्या-पांढऱ्या ओळी होत्या. लाल एकही नव्हती.

तो जिन्यानं पळतच दुसऱ्या मजल्यावर गेला. महिला वॉर्डाचं दार सताड उघडं. आत खाटा नव्हत्या, फरशीवर वर्तमानपत्रं अंथरलेली, मधोमध शिडी, आणि शिडीवर खराखुरा रंगारी, डोक्याला फडकं बांधलेला. भिंत पांढरीशुभ्र. खाटांचे जुने आकडे रंगाखाली गेलेले. एक सोडून.

"तेवढा एकोणीस जात नाही बघा साहेब," शिडीवरचा म्हणाला. "तीन हात मारले. परत वर येतोय. लाल ऑइलपेंट असणार जुना."

कोपऱ्यात फरशीवर एक टेलिफोन पडला होता, पांढऱ्या शिंतोड्यांनी भरलेला. त्याचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला. मागून निघालेली वायर हातभर अंतरावर संपत होती, टोकाला तांब्याच्या तारा विस्कटलेल्या.

"हा फोन आत्ता कोणी उचलला?"

"त्याची वायरच कापलीय की." शिडीवरच्यानं ब्रश डब्यात बुडवला. जरा थांबला. "मघाशी तीनदा वाजला खरा. मी म्हटलं, बाहेर कुठं वाजत असेल."

*

शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी झाली. चौथा मजला, लांब टेबल, पाण्याचे सहा ग्लास. टेबलावर महिला वॉर्डाच्या फोन-वहीच्या त्या बुधवारच्या पानाची छायाप्रत ठेवली होती. मूळ वही त्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी जप्त करून साहेबांच्या कपाटात कुलुपात गेली होती. पानावर अकरा नोंदी. दोन वाजून पाचची होती, दोन वाजून पस्तीसची होती. मधे काही नाही. म्हणजे लॅबमधून फोन आला नाही, सिद्ध झालं. छायाप्रतीवर चौकशीच्या तिन्ही सदस्यांच्या आणि साहेबांच्या सह्या. बाईंचा जबाब झाला. त्यांनी लाल गेल्याचं सांगितलं, त्यांना विचारलं गेलं की तुम्ही स्वतः पाहिलं का, त्या नाही म्हणाल्या.

मग रंगारीला बोलावलं. साहेबांनी म्हटल्याप्रमाणे प्रश्न एकच होता.

काका समोरच बसले होते. हात मांडीवर, शर्टाचं वरचं बटन लावलेलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर रंगारीला सोपं गेलं असतं. पण तिथं नुसती वाट बघणं होतं. कळलं का काही, असं विचारणारे डोळे.

"सिस्टिम," रंगारी म्हणाला, "ठरल्याप्रमाणे चालत होती."

कोणीतरी ते लिहून घेतलं. त्याला कागद दिला, त्यानं सही केली. काका त्याच्याकडं अजून थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांनी मान हलवली, ऐकू आलं अशी. बारा वाजून वीस मिनिटांनी त्यांना बडतर्फ केलं. पेन्शन गेली. उठताना ते टेबलावरच्या सगळ्यांना म्हणाले, "येतो." त्या टेबलावरचा एक जणही मान वर करून बघू शकला नाही, आणि यातल्या प्रत्येकाचं नाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी रंगारी लॅपटॉप उघडून बसला. भोपळा, काकडी, गवार. एकविसावी ओळ आली नाही. त्यानं अर्धा तास वाट पाहिली. आली नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की तो एकटाच हसला. संध्याकाळी बायकोला म्हणाला, "संपलं." ती ताटं उचलत राहिली.

सोमवारी नवा फळा सुरू झाला. फुलांचा गुच्छ, फोटो, साहेबांचं भाषण. सगळ्यांनी मान्य केलं की पडदा आता फार शांत वाटतो. दहा मिनिटांचा नियम त्यातून काढायला रंगारी विसरला, की त्यानं काढला नाही, हे त्याचं त्याला माहीत. बाईंनी मात्र फोनपाशी एक पाटी आणि खडू टांगला. लाल दिसलं की आता त्या आधी पाटीवर रेघ मारतात. आणि रंगारी दिसला की त्याला नावं ठेवत नाहीत, टोपणनावानं हाकही मारत नाहीत. बोलतच नाहीत.

गोष्ट इथं संपायची. पण त्या मुलीच्या भावानं अर्ज केला. छायाप्रत नको, मूळ वही दाखवा. अर्ज दोनदा फेटाळला गेला, तिसऱ्यांदा वरून आदेश आला, आणि कपाटाचं कुलूप साहेबांनी स्वतःच्या किल्लीनं, पाच माणसांसमोर उघडलं. लाखेचं सील शाबूत होतं. तसा पंचनामा आहे. वहीचं ते पान काढलं, शेजारी छायाप्रत ठेवली, आणि भाऊ बोटानं नोंदी मोजू लागला.

छायाप्रतीवर अकरा आहेत. वहीत बारा.

दोन पाच आणि दोन पस्तीस यांच्यामध्ये, जिथं छायाप्रतीत दोन ओळी एकमेकींना चिकटून आहेत, तिथं वहीत एक पूर्ण ओळ आहे. निळी शाई, सावकाश काढलेलं अक्षर. वेळ, दोन वाजून वीस. खाट १९. पोटॅशियम ७.४. वाचून दाखवलं, बरोबर. 'सांगणाऱ्याचं नाव' या रकान्यात रंगारीचं नाव आहे. त्याचं, वडिलांचं आणि आडनाव, एक मात्रा न चुकता. त्या दुपारी तो त्या इमारतीत नव्हता, आणि ते नाव त्यानं फोनवर कधी सांगितलंही नव्हतं. 'ऐकणाऱ्याची सही' या रकान्यात अंगठा आहे. वॉर्डातल्या नऊही सिस्टरांचे ठसे घेतले. जुळले नाहीत.

दहाव्या एका ठशाशी ताडून बघा, असा लेखी अर्ज भावानं त्याच दिवशी दिला. तो ठसा रुग्णालयाकडंच आहे, खाट १९ च्या दाखल-पत्रावर. अर्ज पोचल्याचा शिक्का मिळाला आहे. उत्तर मिळालेलं नाही.